ग्रेमधला ई, ग्रेमधला ए : पक्ष्यांची यादी छापताना

सोलापूरच्या साखर पेठेत माझं डीटीपीचं लहान दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुकानांचे फलक, असं काम असतं. एका शाळेनं हिप्परगा तलावावरच्या पक्ष्यांची यादी छापायला दिली आणि मला या विषयाची गोडी लागली. पक्षी मी आधीही बघत होतो, पण त्यांच्या नावांतली अक्षरं बघायला त्या यादीनं शिकवलं. असं काम तुमच्याकडे आलं तर कसं करायचं, ते सांगतो.

यादीत साठ पक्षी होते आणि ती तिघांनी मिळून केली होती. एकानं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून नावं उतरवली होती, दुसऱ्यानं पुस्तकातून. मी ती इंग्रजी अकारविल्हे लावली. प्रूफ वाचताना दिसलं की राखी बगळा, म्हणजे ग्रे हेरॉन, दोनदा आलाय आणि दोन्ही नोंदींत बरंच अंतर आहे. कारण साधं होतं. ई-बर्डचं मूळ स्पेलिंग अमेरिकी, त्यात ग्रेला ए. पुस्तक ब्रिटिश वळणाचं, त्यात ई. अकारविल्ह्यात ए-वाला ग्रे आधी येतो, मग ग्रेट कॉर्मोरंट, ग्रेट एग्रेट, ग्रीन सँडपायपर, आणि त्यानंतर ई-वाला ग्रे. ग्रे फ्रँकोलिन आणि ग्रे वॅगटेलचंही तेच झालं होतं. साठ पक्षी प्रत्यक्षात सत्तावन्न निघाले.

म्हणून कामाला हात घालण्याआधी एकच ठरवा: ई की ए? लक्षात ठेवायला सोपं आहे, इंग्लंडचा ई, अमेरिकेचा ए. आपल्या शाळांतून ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, त्यामुळे मुलांसाठीच्या यादीत मी ई घेतो. ई-बर्डच्या सेटिंगमध्ये नावांची भाषा बदलता येते. तिथं ब्रिटनची इंग्रजी आणि भारताची इंग्रजी असे वेगळे पर्याय आहेत. यादी उतरवण्याआधीच तो पर्याय निवडला तर निम्मं काम तिथंच होतं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती टाळणं हेच या कामातलं मुख्य आहे. ठरलं की ई, म्हणून मी फाइंड-रिप्लेस लावलं आणि सगळीकडचे ए एका फटक्यात बदलले. तीनशे प्रती छापून गेल्या. चार दिवसांनी जीवशास्त्राचे एक निवृत्त सर दुकानात आले आणि त्यांनी वंचकाच्या शास्त्रीय नावावर बोट ठेवलं. वंचक म्हणजे इंडियन पाँड हेरॉन, आपल्या प्रत्येक तळ्याच्या काठाला मान आखडून बसलेला असतो तो. त्याचं शास्त्रीय नाव आर्डिओला ग्रेयी. या ग्रेयीचा राखी रंगाशी काही संबंध नाही. ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांचं ते आडनाव, आणि ते माणूस इंग्लंडचे असूनही त्यात ए आहे. दख्खनचे पक्षी अभ्यासणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1832 साली हे नाव दिलं. मी त्यातला ए काढून ई घातला होता. आमचे अण्णा चादरीच्या मागावर होते. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या, पुठ्ठ्यात एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत तीच चूक उमटते, हे मी लहानपणापासून बघितलेलं. तरी हे झालं. तीनशे बारीक पट्ट्या कापून मी आणि माझ्या बायकोनं एका रात्रीत चिकटवल्या.

तेव्हापासून शास्त्रीय नावांचा रकाना वेगळा ठेवतो आणि बदल फक्त इंग्रजी नावांच्या रकान्यात करतो, तेही एकेक नाव बघून. आडनावाच्या जागा तिथंही असतात. ग्रेज ग्रासहॉपर वॉर्ब्लर हा पक्षी जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांच्या नावाचा, ब्रिटिश यादीतही त्याला ए-च.

बाकी अक्षरांचे घोळ कमी आहेत, पण फसवे आहेत. काकाकुव्याच्या इंग्रजी नावात सल्फर येतं. रसायनशास्त्रात अमेरिकी माणूस ते एफनं लिहितो, पण पक्ष्याच्या नावात तिकडच्या याद्यांतही पीएच-च आहे. थापट्या, म्हणजे नॉर्दर्न शोव्हेलर, याच्यात ब्रिटिश पद्धतीनं दोन एल घालावेसे वाटतात. घालू नका, दोन्हीकडे एकच आहे. हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांना जुन्या पुस्तकांत रोझ-कलर्ड स्टार्लिंग म्हटलेलं दिसेल आणि कलर्डमध्ये यू ठेवायचा की नाही हा प्रश्न पडेल. आता ई-बर्डवर रोझी स्टार्लिंग म्हणतात, तेच लिहा. वंचकाच्या पाँड आणि हेरॉनमध्ये काही याद्या जोडरेघ देतात, काही देत नाहीत. ग्रेबरोबर तीही ठरवून टाका.

काही ठिकाणी अक्षर बदलून भागतच नाही. ब्रिटिश लोक ज्याला ग्रे प्लोव्हर म्हणतात, तो अमेरिकेत ब्लॅक-बेलीड प्लोव्हर. ब्लॅक-नेक्ड ग्रीब तिकडे इअर्ड ग्रीब होतो. मूरहेनची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेतला कॉमन गॅलिन्यूल 2011 पासून स्वतंत्र जात मानतात, म्हणून हिप्परग्याच्या पाणकोंबडीला ते नाव लावू नका.

मराठीतून इंग्रजीकडे जाताना मला सगळ्यात जपावं लागतं ते राखी या शब्दाला. राखी बगळा ग्रे, राखी धनेश ग्रे, पण राखी वटवट्या अ‍ॅशी प्रिनिया. ग्रे-ब्रेस्टेड प्रिनिया हा वेगळाच पक्षी आहे. राखी दिसलं म्हणून ग्रे टाकलं तर मूल मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपवर भलत्याच पक्ष्याचा आवाज ऐकत बसेल.

शेवटचं प्रूफ मी एकट्यानं वाचत नाही. बायको इंग्रजी नावं एकेक अक्षर उच्चारून वाचते, मी शास्त्रीय नावावर बोट ठेवून बघतो. पानाच्या तळाशी बारीक टायपात कोणती यादी वापरली आणि कोणत्या महिन्यात, ते टाकतो. वंचकाच्या ओळीवर आलो की ती थांबते आणि ए म्हणते.