बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट: आमच्या घरचा उपाय

आमचं गाव रावेर तालुक्यात, चहूबाजूंनी केळी. ठिबकमधून युरिया सोडला की त्याचा काही भाग मातीत नायट्रेट बनून झिरपत भूजलात उतरतो. बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ, चवीला गोड, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. वहिनीचं बाळ वरच्या दुधावर आलं, तेव्हा मी पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून आणलं. नायट्रेट लिटरला ८२ मिलिग्रॅम! भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद याने कमी होते, बाळ निळं पडू शकतं.

आजी म्हणाली, "उकळून देऊ." पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. घरातलं यूव्ही मशीन जंतू मारतं, इथे त्याचा काही उपयोग नाही. नायट्रेट साध्या कोळशाच्या फिल्टरलाही दाद देत नाही.

आम्ही आरओ बसवला. आधी गाळाचा फिल्टर, कारण आमच्या बोअरला बारीक माती येते आणि पांढरी कांडी बघता बघता तांबूस होते. आरओचं पाणी पुन्हा तपासलं: ११. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, त्यावर नायट्रेट वेगळं कळत नाही, प्रयोगशाळाच गाठा. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी आणि संडासाला वापरतो. आरओमधलं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, थकतं, म्हणून पावसाळ्यानंतर दरवर्षी नमुना देतो.