पायाचे वाकडे बोट: नावाआधी लवचिकता तपासावी

पायाच्या बोटाला बाक आल्याचे लक्षात आले की बहुतेक जण आधी त्या विकृतीचे नाव शोधू लागतात. नाव कळणे उपयोगाचे असले, तरी त्याआधी एक साधी तपासणी करावी, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावरच ठरतात. खुर्चीवर बसून पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा आणि वाकलेले बोट हाताच्या चिमटीत धरून हलकेच सरळ करून पाहावे. ते पूर्ण सरळ होत असेल तर सांधा अजून लवचिक आहे आणि घरगुती उपायांना वाव आहे. होत नसेल तर सांधा आखडला आहे. अशा वेळी त्याच उपायांनी वेदना कमी होऊ शकते, पण बोटाचा आकार बदलत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करावी, कारण लवचिक बोट हळूहळू आखडत जाते आणि ते दुखतेच असे नाही.

अंगठ्यात दोन हाडे असतात, इतर चार बोटांत सहसा तीन-तीन. म्हणून या बोटांना तळाचा, मधला आणि टोकाचा असे तीन सांधे मिळतात. मधला सांधा वर येऊन बोट वाकले तर त्याला ‘हॅमर टो’ म्हणतात, आणि तो बहुधा दुसऱ्या बोटात दिसतो. केवळ टोकाचा सांधा खाली वाकला तर ‘मॅलेट टो’. बोट तळाशी वर उचलले जाऊन पुढचे दोन्ही सांधे पंज्यासारखे खाली वळले तर ‘क्लॉ टो’. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलतो आणि त्याच्या मुळाशी पायाच्या आतल्या कडेला गाठ दिसते, तो ‘बनियन’. ही गाठ म्हणजे नव्याने वाढलेले हाड आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अंगठ्यामागचे लांब हाड उलट दिशेला सरकल्यामुळे त्याचे डोके बाहेर आलेले असते. त्यामुळे गाठ चोळून किंवा लेप लावून ‘विरघळवण्याचे’ प्रयत्न व्यर्थ ठरतात. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी काहींना आराम वाटतो, पण त्यांनी सरकलेले हाड कायमचे जागेवर येत नाही.

पायाची ठेवण पुष्कळदा आनुवंशिक असते, आणि अरुंद टोकाचे किंवा उंच टाचेचे बूट तिच्यात भर घालतात. ठेवण बदलता येत नाही, बूट बदलता येतात. म्हणून सर्वाधिक काळजी तिथेच घ्यावी. दिवसभरात पाय थोडा सुजत असल्याने माप संध्याकाळी, उभे राहून, दोन्ही पायांचे घ्यावे. कागदावर पाय ठेवून पेन्सिल उभी धरून त्याची बाह्यरेषा काढावी आणि तिच्यावर बूट ठेवून पाहावा. पायाची रेषा कुठेही बुटाबाहेर डोकावत असेल, तर डोळ्यांना तो बूट आवडला तरी बोटांना आवडणार नाही. सर्वांत लांब बोटापुढे, आणि ते अनेकांत दुसरे बोट असते, सुमारे एक सेंटीमीटर जागा राहावी. लांबीइतकीच बोटांवरची उंचीही महत्त्वाची आहे, कारण हॅमर टोला घासते ते वरचे कातडे. तिथे शिवण नसलेला, मऊ वरचा भाग असलेला बूट निवडावा. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नये. मागे पट्टा नसलेली सैल चपलही बरी नाही, कारण ती पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात.

लवचिक बोटाला रोज ताण द्यावा: मागचा भाग एका हाताने स्थिर धरून बोट सरळ करावे, वीस-तीस सेकंद तसेच ठेवावे आणि असे काही वेळा करावे. जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम पायाच्या स्नायूंसाठी सुचवला जातो, परंतु क्लॉ टो असलेल्यांनी तो फिजिओथेरपिस्टला विचारूनच करावा, कारण त्यात बोटे पुन्हा आवळलीच जातात.

घासणाऱ्या जागी सिलिकॉनची टोपी किंवा मऊ गादी वापरता येते, मात्र आधी तिच्यासाठी बुटात जागा हवी. नाहीतर दाब आणखी वाढतो. कुरूप, म्हणजे दाबाने घट्ट झालेले कातडे, ब्लेडने कापू नये. ज्यांना मधुमेह आहे, पायाला बधिरपणा आहे किंवा रक्तपुरवठा कमी आहे, त्यांनी कुरूपावरच्या औषधी पट्ट्याही स्वतःहून लावू नयेत. त्यांतील आम्ल निरोगी कातडेही जाळते, आणि संवेदना कमी असल्यास जखम कळतही नाही. अशांनी पाय रोज पाहावेत आणि लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी.

दोन्ही पायांची बोटे थोड्या काळात पंज्यासारखी वळू लागली तर मज्जातंतूंचा आजार असू शकतो. चवड्यात, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी दुखून ते बोट अंगठ्याकडे झुकू लागले तर तिथला अस्थिबंध, म्हणजे सांध्याला धरून ठेवणारा पट्टा, फाटत असण्याची शक्यता असते. या दोन्ही प्रसंगी अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे, विशेषतः अस्थिबंधाच्या बाबतीत, कारण सुरुवातीला टेप बांधून बोट आधाराला ठेवता येते.

शस्त्रक्रियेचा विचार वेदनेसाठी करावा, केवळ दिसण्यासाठी नव्हे. लवचिक बोटात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, मोकळी करणे पुरू शकते. आखडलेल्या बोटात हाडाचा तुकडा काढावा लागतो किंवा सांधा जोडून टाकावा लागतो, आणि त्यासाठी घातलेली तार साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. सूज मात्र कित्येक महिने राहू शकते, त्यामुळे नेहमीचे बूट कधी घालता येतील हे आधीच विचारून घ्यावे.

लहान मुलांचे एखादे बोट शेजारच्या बोटाखाली वळलेले असेल तर सहसा घाई नसते. वेदना, फोड किंवा चालण्यात अडचण नसेल, तर वाढीबरोबर त्यावर लक्ष ठेवणे पुरते.