फार्माकोकायनेटिक मॉडेलिंग शिकण्याआधीची तयारी

औषधाची शरीरातील पातळी वेळेनुसार कशी बदलते हे गणिताने मांडणे म्हणजे फार्माकोकायनेटिक मॉडेलिंग. त्याच्या सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर शिकू पाहणाऱ्याची खरी अडचण अशी, की ते सहसा अडत नाही. क्लिअरन्सच्या, म्हणजे ताशी किती लिटर रक्त औषधापासून मोकळे होते त्या राशीच्या, जागी भलताच आकडा टाकला तरी पडद्यावर गुळगुळीत वक्ररेषा उमटते, आणि ती चुकलेली आहे हे ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते. म्हणूनच पुढील यादीतील बरीचशी तयारी संगणक सुरू करण्याच्या आधीची आहे.

पहिली चाचपणी गणिताची करावी. घातांकी ऱ्हास, नैसर्गिक लॉग आणि पहिल्या क्रमाचे अवकल समीकरण एवढे पक्के असले की सुरुवातीला पुरते. ते पक्के आहे की नाही हे एका उदाहरणावरून कळते. शिरेतून एकाच वेळी ५०० मिलिग्रॅम औषध दिले, वितरणाचे आकारमान (शरीरातील औषध भागिले रक्तातील पातळी) ५० लिटर आणि क्लिअरन्स ताशी ५ लिटर असेल, तर एककप्पी, म्हणजे सारे शरीर एकच कप्पा मानणाऱ्या, मॉडेलमध्ये सुरुवातीची पातळी लिटरमागे १० मिलिग्रॅम, निष्कासनाचा (शरीरातून औषध बाहेर पडण्याचा) दरस्थिरांक ताशी ०.१, अर्धायुष्य (पातळी निम्मी होण्याचा काळ) सुमारे ६.९ तास, वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ लिटरमागे १०० मिलिग्रॅम-तास आणि २४ तासांनंतरची पातळी लिटरमागे सुमारे ०.९१ मिलिग्रॅम येते. हे पाच आकडे कोणतेही सूत्र न पाहता काढता यावेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पुढे जे जे सॉफ्टवेअर हाती येईल त्याची पहिली परीक्षा याच आकड्यांवर घ्यायची आहे.

आकड्यांइतकाच संकल्पनांचा हिशेब महत्त्वाचा आहे. कप्पा म्हणजे एखादा अवयव नव्हे. ज्या ज्या ठिकाणी औषधाची पातळी सारख्याच वेगाने वरखाली होते त्या सर्वांना गणिताच्या सोयीसाठी दिलेले ते एक नाव आहे. वितरणाचे आकारमानही असेच मानीव असते. डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाचे आकारमान प्रौढ माणसात काहीशे लिटर भरते, म्हणजे शरीराच्या आकारमानापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याचा अर्थ एवढाच की बहुतेक औषध रक्तात न राहता ऊतींमध्ये जाऊन बसले आहे. क्लिअरन्स आणि आकारमान या मूळ राशी असून अर्धायुष्य त्या दोहोंतून निघते, हा क्रम मनात उलटा बसलेला असेल तर मॉडेलिंगला हात घालण्याआधी तो सरळ करून घ्यावा. इतिहासाची आवड असल्यास तोर्स्टन टेओरेल यांच्या १९३७ सालच्या दोन लेखांपासून सुरुवात करता येते. शरीराकडे कप्प्यांची रचना म्हणून पाहण्याची रीत तिथे स्पष्टपणे मांडलेली आढळते.

सॉफ्टवेअरची निवड हा वाटतो तितका मोठा प्रश्न नाही. आर ही सांख्यिकीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा थोडीफार येत असेल तर त्यातील एमआरजीसॉल्व्ह किंवा आरएक्सओडीई२ ही विनामूल्य पॅकेजे पुरेशी आहेत, आणि पायथन येत असेल तर त्यातला एखादा साधा सॉल्व्हरही (अवकल समीकरणे सोडवणारा प्रोग्राम) चालतो. सुरुवातीला मॉडेलची समीकरणे स्वतः टंकावी लागतील असेच साधन घ्यावे. तयार मॉडेल यादीतून निवडण्याची सवय आधी लागली की कप्प्यांमधील बाण कुठून कुठे जातात हे डोक्यात बसत नाही.

सॉल्व्हर आकडेमोड कशी करतो हेही एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. वरचेच उदाहरण ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक पावलाच्या सुरुवातीचा दर त्या पावलापुरता कायम धरून, एकेका तासाच्या पावलाने सोडवले तर २४ तासांनंतरची पातळी ०.९१ ऐवजी ०.८० येते, आणि पाऊल ०.१ तासावर आणले की ती ०.९० पर्यंत सुधारते. प्रत्यक्षातील सॉल्व्हर पावले आपोआप बदलतात, तरीही टॉलरन्स (किती चूक चालवून घ्यायची) नावाचा पर्याय कशासाठी असतो हे या एका प्रयोगातून समजते.

एककांबाबत मात्र काटेकोर असावे, कारण नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात. डोस मिलिग्रॅममध्ये, आकारमान लिटरमध्ये आणि मोजलेली पातळी मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये असेल, तर मॉडेल आणि मापन यांत हजारपटीचा फरक पडतो. डेटाच्या फाइलमध्ये डोसच्या ओळी आणि मापनाच्या ओळी वेगळ्या ओळखता याव्यात अशी रचना ठेवावी. ल्युईस शायनर आणि स्टुअर्ट बील यांच्या नॉनमेम या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमुळे रूढ झालेली, वेळ, डोसचे प्रमाण, पातळी आणि घटनेचा प्रकार अशा स्तंभांची मांडणी इतर अनेक साधनांनाही चालते, त्यामुळे तीच अंगवळणी पाडलेली बरी.

दोन कप्प्यांकडे वळण्याआधी लॉग अक्षावर आलेख वाचण्याचा सराव हवा. शिरेतून दिलेल्या औषधाची रेषा लॉग अक्षावर सरळ उतरली तर एक कप्पा पुरतो, आणि ती आधी झपकन व नंतर संथपणे उतरत असेल तर दुसऱ्याचा विचार करावा. तोंडावाटे दिलेल्या औषधात आणखी एक फसवी जागा आहे. वरच्याच औषधाचा शोषणाचा दरस्थिरांक ताशी १ धरून वक्ररेषा काढावी. मग शोषण ०.१, निष्कासन १ आणि आकारमान ५ लिटर असे आकडे घालून पुन्हा काढावी. दोन्ही वक्ररेषा तंतोतंत एकावर एक बसतात. क्लिअरन्स दोन्हीकडे ताशी ५ लिटरच राहतो, परंतु आकारमान दहापट बदललेले असते, आणि कोणती जोडी खरी हे केवळ त्या मापनांवरून सांगता येत नाही; त्यासाठी शिरेतून दिलेल्या डोसचा डेटा लागतो. हा प्रयोग स्वतः केल्याशिवाय कोणत्याही फिटिंगला, म्हणजे मापनांशी जुळतील असे मॉडेलचे आकडे शोधण्याला, हात लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

व्यक्तीव्यक्तींमधील फरक, म्हणजे पॉप्युलेशन मॉडेलिंग, या टप्प्यावर बाजूला ठेवावे. अपस्मारावरील फेनिटॉइनसारखी औषधे, ज्यांत डोस थोडा वाढवला तरी पातळी बेसुमार वाढते, तीही पुढच्या फेरीसाठी राखून ठेवावीत.

सरावासाठी आरमध्ये मुळातच असलेला थिओफिलिन या दम्यावरील औषधाचा डेटा उतरवून ठेवावा. त्यात १२ व्यक्तींची प्रत्येकी ११ मापने आहेत. फिटिंग करण्याआधी त्यातील दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. एक म्हणजे त्यातील डोस वजनाच्या किलोमागे दिलेला आहे, त्यामुळे आकारमान ०.५ च्या आसपास आले तर ते किलोमागे लिटर समजावे, आणि पहिल्या व्यक्तीचे वजन ७९.६ किलो असल्याने तिच्यासाठी ते साधारण ४० लिटर होते. दुसरी म्हणजे याच व्यक्तीची शून्य वेळेची पातळी शून्य नसून लिटरमागे ०.७४ मिलिग्रॅम नोंदलेली आहे, आणि एकाच तोंडी डोसच्या मॉडेलमध्ये तिचे काय करायचे, ती वगळायची, की आधीच्या औषधाचा उरलेला अंश म्हणून मॉडेलमध्ये धरायची, हे कारणासह वहीत लिहूनच पहिली रन सुरू करावी.