डर्मॅटोमायोसायटिस असताना बाळंतपण कसं निभवायचं

डर्मॅटोमायोसायटिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती उलटून आपल्याच त्वचेला आणि स्नायूंना सूज आणणारा आजार. तो असूनही बाळ होतं, माझं झालं. फक्त घाई करू नका. अंगावरची लाली आणि स्नायूंचा अशक्तपणा किमान 6 महिने आटोक्यात राहू दे, मग दिवस जाऊ द्यायचे. या आजारावरच्या औषधांपैकी मेथोट्रेक्झेट 1 ते 3 महिने आणि मायकोफेनोलेट निदान 6 आठवडे आधी थांबवतात, कारण दोन्हींनी गर्भात व्यंग येऊ शकतं. त्याऐवजी अ‍ॅझाथायोप्रीन चालतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि कमी डोसचं प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) हेही चालतं. हे बदल संधिवाताच्या डॉक्टरांनीच करायचे. "पोटुशी बाई एवढ्या गोळ्या खाते?" असं घरात कुणीतरी म्हणणारच. ऐकून घ्या, पण स्टेरॉइड एकदम सोडू नका.

अँटी-रो (आईच्या रक्तातली, बाळाच्या हृदयाला त्रास देऊ शकणारी अँटीबॉडी) आहे का, ही रक्ततपासणीही आधीच उरका. ती पॉझिटिव्ह आली तर पोटातल्या बाळाच्या हृदयावर इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) लक्ष ठेवतात.

आता दमणुकीचं. गरोदर बाई दमतेच, मग आजार उलटलाय हे ओळखायचं कसं? वेणी घालताना हात वर टिकतात का? खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का? हे रोज सकाळी बघायचं. माझी परीक्षा कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जिन्यावर व्हायची. कालपर्यंत जमणारं आज जमेना झालं तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) तपासून घ्या. गिळताना ठसका लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऊन म्हणजे या आजाराला सरपण. रंकाळ्यावर दिवस मावळल्यावर जा, अंबाबाईला पहाटे. स्टेरॉइडने साखर आणि बीपी वाढतं, म्हणून दोन्ही वरचेवर मोजा. तांबडा-पांढरा खा की, खारट लोणचं-पापड तेवढं आवरा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी मोडली. माहेर चंदगडकडं, डॉक्टर सगळे कोल्हापुरात. मग आईच इकडं आली. सिझरच करावं लागतं असं नाही. गर्भाशयाच्या स्नायूला हा आजार सहसा धरत नाही, कळा देताना मात्र पोट-मांड्यांची ताकद कमी पडू शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटा, आणि रोज स्टेरॉइड घेत असाल तर प्रसूतीवेळी जादा डोस लागेल का, ते फाइलवर लिहून घ्या.

बाळंतपणानंतर आजार पुन्हा उसळू शकतो, तेव्हा तपासणी बारशाच्या गडबडीत राहून जाऊ देऊ नका. अ‍ॅझाथायोप्रीन, प्रेडनिसोलोन घेत अंगावर पाजता येतं. पाळणा तेवढा उंच टांगा, वाकून बाळ उचलायला मांड्या साथ देत नाहीत.