नायट्रोजन भरताय? टायरच्या हवेबाबत या चुका टाळा

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. म्हणजे नायट्रोजन भरून जो काही फरक पडायचा, तो उरलेल्या २२ टक्क्यांपुरता: २१ टक्के ऑक्सिजन, थोडासा आर्गॉन आणि कॉम्प्रेसरमधून आत येणारी वाफ. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

वरून थोडा नायट्रोजन मारून घेणे

टायरमध्ये २८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) साधी हवा आहे आणि तुम्ही वरून ३३ पर्यंत नायट्रोजन भरून घेतला. आतलं नायट्रोजनचं प्रमाण ७८ वरून जेमतेम ८० टक्क्यांवर गेलं. नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हवर बसवतात ती हिरवी टोपी तेवढी मिळाली.

गेज शून्यावर आला तरी टायर रिकामा नसतो. बाहेरच्या वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय दाब आत उरतोच. त्यावर ९५ टक्के शुद्ध नायट्रोजन ३३ पर्यंत भरला तर प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जातं. सगळी हवा सोडून पुन्हा भरला तर ९३. तिसऱ्या फेरीत फारसं काही पदरात पडत नाही. म्हणून काम करून घ्यायचंच असेल तर असं:

१. चाक जॅकवर उचला. गाडीचं वजन टायरवर असताना पूर्ण हवा काढली तर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रिमखाली चेपते आणि बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, जागचा सुटू शकतो.
२. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या.
३. पिन बसवून नायट्रोजन भरा, पुन्हा सोडा, पुन्हा भरा.
४. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून पाहा. बुडबुडा आला तर पिन सैल आहे किंवा तिच्या सीटवर कचरा आहे.

चारही चाकं पाच मिनिटांत उरकली असतील तर फक्त टॉप-अप झालाय, असं समजा.

‘नायट्रोजन गरम झाला तरी फुगत नाही’ यावर विसंबणे

हा सर्वात पसरलेला गैरसमज. कोरडी हवा आणि नायट्रोजन तापल्यावर जवळजवळ सारखेच वागतात. २० अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय असलेला टायर ५० अंशांवर गेला की दोन्हींत सुमारे ३८ होतात. ढोबळ हिशेब: दर सहा अंशांना एक पीएसआय.

मग हा समज आला कुठून? पाण्यातून. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी वेळच्या वेळी काढलं नाही तर ते नळीतून टायरमध्ये उतरतं. आत खरोखर पाणी साचलेलं असेल तर २५ वरून ६० अंशांवर जाताना त्याच्या वाफेमुळे आणखी दोन-अडीच पीएसआय वाढतात. रेसिंगमध्ये याला महत्त्व आहे. रोजच्या गाडीत नाही. उपायही सोपा आहे: भरण्याआधी नळीचं तोंड हातावर धरून हवा सोडा, हात ओला झाला तर तिथे भरू नका.

‘विमानात वापरतात ना?’ हा त्याच्याच जोडीचा युक्तिवाद. तिथली कारणं वेगळी आहेत: तापलेल्या ब्रेकजवळ आतला ऑक्सिजन पेट घेऊ नये आणि उंचावरच्या थंडीत आतलं पाणी गोठू नये. गाडीला यातलं काही लागू होत नाही.

गरम टायरची हवा काढणे

गाडी चालवून आल्यावर गेज ३७ दाखवतो, म्हणून चार पीएसआय काढून टाकले जातात. सकाळी तोच टायर २९ वर असतो. प्रेशर थंड टायरचंच बघायचं: गाडी निदान तीन तास उभी, किंवा दीड किलोमीटरच्या आत चाललेली. आकडा दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवरून घ्या. टायरवर छापलेला ‘मॅक्स’ आकडा ही कमाल मर्यादा असते, भरायचा दाब तो नव्हे.

नायट्रोजन आहे म्हणून तपासणीच बंद करणे

नायट्रोजनचा खरा फायदा आहे तो इथेच, पण तो लहान आहे. रबरातून ऑक्सिजन तीन-चार पट वेगाने झिरपतो, त्यामुळे नायट्रोजनचा दाब हळू उतरतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक-चाचणी संस्थेने ३१ मॉडेलचे टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर बाहेर ठेवले. साध्या हवेचे सरासरी ३.५ पीएसआय उतरले, नायट्रोजनचे २.२. वर्षभरात फरक १.३ पीएसआयचा. महिन्याला एकदा गेज लावणाऱ्याला तो जाणवणारही नाही. आमच्या मते जादा पैसे मोजण्याइतकं यात काही नाही. फुकट मिळत असेल तर खुशाल घ्या.

डॅशबोर्डवरच्या टायर-प्रेशरच्या दिव्याच्या भरवशावर राहणंही चुकीचं. अनेक गाड्यांत तो दाब चौथाईने उतरल्यावरच पेटतो. म्हणजे ३३ चा टायर २५ वर आल्यावर.

एकच टायर पुन्हा पुन्हा बसतोय?

चारही टायर सारखेच उतरले तर हवामान गार झालंय किंवा बरेच दिवस हवा भरलेली नाही. एकच उतरत असेल तर गळती आहे, आणि ती कुठल्याही गॅसने थांबत नाही. आधी पिन बघा, मग व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर वाकवून त्याला भेगा आहेत का ते पाहा, मग पूर्ण ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर) साबणाचं पाणी ओता. तिथेही बुडबुडे दिसले नाहीत तर रिमची कड: अलॉय रिमला गंज धरला की बीड नीट बसत नाही. टायर उतरवून कड घासून साफ केली की काम होतं.

‘इथे नायट्रोजन नाही’ म्हणून कमी हवेवर चालवणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. कमी दाबाचा टायर साइडवॉलमध्ये जास्त मुडपतो, तापतो आणि फुटू शकतो. नायट्रोजनमध्ये साधी हवा बेलाशक मिसळा. ९५ टक्क्यांच्या टायरमध्ये पाच पीएसआय साधी हवा घातली तरी आत ९३ टक्के नायट्रोजन उरतो.

स्टेपनीही त्याच दिवशी तपासा. ती अरुंद, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतात. तिच्यावर लिहिलेला आकडा वाचूनच भरा.