जीसीसी सोर्समधून बिल्ड करताना फोल्डर वेगळा ठेवा

जीसीसी हा कंपायलर (कोडचं चालवता येईल अशा प्रोग्राममध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) सोर्समधून, म्हणजे त्याच्या मूळ कोडमधून, बिल्ड करायचा असेल तर सोर्सच्या फोल्डरमध्येच कॉन्फिगर ही बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट चालवू नका. शेजारी रिकामा फोल्डर करा आणि तिथून चालवा. काही बिघडलं तर तो फोल्डर उडवायचा, सोर्स जसाच्या तसा राहतो. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या बिल्डला लागणाऱ्या गणिताच्या लायब्ररी एकेक करून शोधत बसू नका. सोर्समधल्या 'कॉन्ट्रिब' फोल्डरातली स्क्रिप्ट ती आणून देते.

६४-बिट मशीनवर ३२-बिट लायब्ररी नसतील तर मल्टिलिब (६४-बिटसोबत ३२-बिटसाठीही बिल्ड करणं) बंद करा, नाहीतर बऱ्याच वेळाने 'स्टब्स-३२' नावाची हेडर फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड थांबतो.

मेक ही बिल्डची कमांड दिल्यावर कंपायलर तीनदा तयार होतो. पहिला तुमच्या जुन्या कंपायलरने, दुसरा पहिल्याने, तिसरा दुसऱ्याने. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइल्स ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्याच पाहिजेत! वेळ वाचवायला बूटस्ट्रॅप, म्हणजे ही तीन फेऱ्यांची पद्धत, बंद करण्याचा मोह होतो, पण रोजच्या वापराचा कंपायलर असेल तर ही तपासणी सोडू नका. मेमरी कमी असेल तर समांतर जॉब कमी ठेवा, आणि इन्स्टॉल 'ऑप्ट'खालच्या स्वतंत्र फोल्डरात करा, म्हणजे सिस्टीमच्या कंपायलरला धक्का लागत नाही.