पोराला फिश टँक घेऊन देताय? मग आधी हे वाचा

पोरं पेट पेट करून मागं लागली की बरेच आईबाप शेवटी माशांवर तडजोड करतात. (पोपट मागत असेल तर तिथंच विषय बंद, आपले देशी पोपट घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, स्टार कासवाचंही तेच, दुकानदार काहीही सांगू दे.) पण मासे म्हणजे सोप्पं काम असं समजून घेऊ नका, आणि तो गोल काचेचा बाऊल तर अजिबात नको. 2 फुटी टँक घ्या, 50-55 लिटरचा, स्पंज फिल्टर लावा आणि मासे न टाकताच चालू करा.

हो, मासे न टाकता. दुकानात सांगतात आज टँक न्या, आजच मासे सोडा, आणि मग आठवड्याभरात एकेक उलटा तरंगायला लागतो. माशांची शी आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमध्ये वाढणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण हे बॅक्टेरिया नीट बसायला 4 ते 6 आठवडे जातात. तोवर पोराने रोज चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकायचं, टेस्ट किटने पाणी तपासायचं आणि वहीत लिहायचं. अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर आले की मासे आणायचे, तेही थोडे थोडे. माझ्या मते खरी परीक्षा ह्याच महिन्यात होते, मासे नसलेल्या टँककडे जे पोरगं महिनाभर लक्ष देतं ते पुढेही देईल, आणि जे दुसऱ्याच आठवड्यात विसरलं त्याला अजून वर्षभर थांबवा, रडू दे.

सुरुवातीला गप्पी नाहीतर मॉली आणा. सकर फिश काच साफ करतो म्हणून गळ्यात मारतात पण तो फूटभर होतो, गोल्डफिशलाही 2 फुटी टँक पुढे पुरत नाही.

आता दर रविवारी पाव टँक पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन घालायचं. स्पंज धुणं मात्र शेजारी उभं राहून शिकवा, कारण तो पिळला की चहासारखं तपकिरी पाणी निघतं आणि पोराला वाटतं नळाखाली धरून चकाचक करावा, आणि तिथंच घोटाळा होतो, नळाच्या क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, अमोनिया परत वाढतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. टँकमधूनच काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात दोनचारदा पिळा, बास. थोडा मळकट राहिला तरी चालतो.

खाणं टाकतो म्हणजे पोरगं जबाबदार झालं असं नाही हां, खाणं टाकायला सगळ्यांनाच आवडतं, घरातल्या आजीला तर फारच, चपातीचे तुकडे टाकतात. 2 मिनिटांत संपेल एवढंच द्यायचं, आणि आजीला हे पोराने स्वतः सांगितलं की समजा गाडी रुळावर आली. पुढची खूण म्हणजे "मॉली सकाळपासून पंख मिटून कोपऱ्यात बसलीये, पाणी तपासू का" असं ते तुमच्या आधी म्हणतं. मे महिन्यात गावाला जायचं ठरलं की तुम्ही न सांगता शेजारच्यांसाठी एकेका दिवसाच्या खाण्याच्या पुड्या बांधून ठेवतं (3-4 दिवसांसाठी त्याचीही गरज नाही, धडधाकट मोठे मासे तेवढे उपाशी राहू शकतात). एवढं जमायला लागलं की मग मांजराचा विषय काढला तरी चालेल.

आणि गप्पी आणले असतील तर साधारण महिन्याला पिल्लं होणारच, मादी एकटी ठेवली तरी काही महिने होत राहतात. जास्तीचे मासे दुकानदाराला विचारून परत द्या नाहीतर ज्याचा टँक आधीच चालू आहे अशा मित्राला द्या. नदीत, तळ्यात सोडायचे नाहीत, सकर तर मुळीच नाही, आपल्याकडच्या नद्यांमध्ये तो आधीच पसरलाय आणि जाळ्यात सारखा तोच येतो म्हणून मच्छीमार वैतागलेत.